चरबीचा निरोप

(मंचाच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या खेपेला जेवताना साजूक तूप आणि फिश ऑइल ह्यांवरून चांगलीच जुंपली होती. दोन्ही बाजूंकडून ‘सायन्सने सिद्ध केलंय’ असं ऐकू येत होतं. तेव्हा ते सायन्स काय म्हणतं आणि कुठे थांबतं, एवढंच आज सांगतो.

चरबी म्हणजे साठवलेलं इंधन, एका ग्रॅमला नऊ कॅलरी, हे आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अपुरं. मेदाम्ल, म्हणजे फॅटी ॲसिड, हा पेशीला मिळणारा निरोपसुद्धा असतो. तो वाचणारी प्रथिनं पेशीच्या केंद्रकात बसलेली असतात. त्यांना न्यूक्लियर रिसेप्टर म्हणतात, आणि त्यांतलं आजच्या विषयाचं कुटुंब म्हणजे ‘पीपार’.

त्यांचा शोध उलट्या बाजूने लागला. रक्तातली चरबी उतरवणारी फायब्रेट जातीची औषधं १९६०च्या दशकापासून वापरात होती, पण ती काम कशी करतात ते कुणाला ठाऊक नव्हतं. उंदरांना दिली की यकृतातल्या पेरॉक्सिसोम नावाच्या बारीक पिशव्या भराभर वाढत, एवढं दिसे. १९९० साली इंग्लंडमध्ये इसेमान आणि ग्रीन ह्या दोघांनी त्यामागचा रिसेप्टर शोधला आणि त्याला त्या पिशव्यांवरूनच नाव पडलं. (माणसात ह्या पिशव्या तशा वाढत नाहीत, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.) पण शरीर काही फायब्रेटच्या गोळीची वाट पाहत बसलं नव्हतं. मग ह्या कुलपाची मूळची किल्ली कोणती? दोन-तीन वर्षांत उत्तर आलं: साधी मेदाम्लं.

हार्मोनच्या रिसेप्टरांची खोबण अगदी मापाची असते. पीपारची ऐसपैस आहे, त्यामुळे तिथे नाना प्रकारची मेदाम्लं बसतात, थोडी सैलसर. मेदाम्ल बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, त्याला रोखून धरणारी प्रथिनं सुटतात, आणि आरएक्सआर नावाच्या जोडीदारासह तो डीएनएवरच्या ठरावीक जागांवरून जनुकं चालू करतो.

उपवासाचंच पाहा. साखर कमी पडली की साठ्यातली मेदाम्लं सुटून यकृतात येतात आणि तिथल्या पीपार-अल्फाला जागं करतात. तो चरबी जाळण्याची, कीटोन बनवण्याची जनुकं चालू करतो. म्हणजे सरपण स्वतःच चूल पेटवायला सांगतं! १९९९ साली हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांना उपाशी ठेवलं, तेव्हा त्यांची साखर कोसळली आणि यकृतात चरबी साचली. भाऊबंद पीपार-गॅमा ह्याच्या उलट वृत्तीचा. तो चरबीच्या पेशी घडवतो आणि साठा नीट जागी ठेवतो.

दाहाशी, म्हणजे इन्फ्लमेशनशी, ह्यांचा संबंध पुढे कळला. १९९६ साली वाली ह्यांच्या स्विस गटाने दाखवलं की दाह भडकवणारं ल्युकोट्राइन बी-४, जे स्वतः एका मेदाम्लापासूनच बनतं, पीपार-अल्फाला चिकटतं, आणि तो नसलेल्या उंदरांत दाह जास्त वेळ टिकतो. आग लावणाराच बंबाला फोन करतो, असं काहीसं.

इथवर सगळं सुंदर आहे. आता अडचण.

१९९५ साली कळलं की थायाझोलिडिनडायोन गटातली मधुमेहाची औषधं नेमकी पीपार-गॅमावर बसतात. त्यांतलं ट्रोग्लिटाझोन १९९७ साली अमेरिकेत आलं आणि यकृत निकामी झाल्याच्या घटनांनंतर २००० साली मागे घेतलं गेलं. रोसिग्लिटाझोन १९९९ साली आलं. साखर उतरत होती, डॉक्टर खूश होते. २००७ साली निसेन आणि वोल्स्की ह्यांनी अनेक चाचण्या एकत्र करून हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता ४३ टक्क्यांनी वाढल्याचं मांडलं. २०१० साली युरोपने ते थांबवलं. अमेरिकेने बंधनं घातली आणि फेरतपासणीनंतर २०१३ साली सैल केली. एवढा नेमका रेणू, तरी वजन वाढलं, अंगात पाणी साठलं, कारण हा रिसेप्टर कितीतरी जनुकांच्या किल्ल्या बाळगून असतो. मग ‘आमचं तेल पीपार चालू करतं’ असं बाटलीवर वाचून आपण काय समजायचं?

फिश ऑइलच्याच चाचण्या घ्या. २०१८ सालच्या ‘व्हायटल’मध्ये सुमारे २६ हजार लोक होते, रोज एक ग्रॅम ओमेगा-३, हृदयविकाराच्या मोठ्या घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत. त्याच वर्षी ‘रिड्यूस-इट’मध्ये चार ग्रॅम शुद्ध ईपीएने २५ टक्के घट दाखवली, पण तुलनेच्या गटाला दिलेलं मिनरल ऑइलच अपायकारक होतं का, हा वाद मागे लागला. २०२० सालच्या ‘स्ट्रेंग्थ’मध्ये दुसरं ओमेगा-३ मिश्रण, चारच ग्रॅम, आणि फायदा नाही. तुपातलं पामिटिक आम्लही पीपार-अल्फाला चिकटतं बरं का. म्हणून तुपाने एलडीएल वाढायचं थांबत नाही.

आपल्यापुरतं एक. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा पुढच्या तपासणीत डॉक्टर नुसतं वजन बघून ‘यू आर फाइन’ म्हणाले, तर कंबर मोजायला सांगा, साखर आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे मागून घ्या. तूप-तेलाचं भांडण आता प्रश्नोत्तरांत पुढे चालू करू.