'पुल थ्रू' : तरणे आणि तारणे



इंग्रजी शिकणाऱ्याला मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दच अधिक चकवतात. 'पुल' म्हणजे ओढणे आणि 'थ्रू' म्हणजे आरपार, हे शाळकरी मुलेही जाणतात. परंतु हे दोन शब्द एकत्र आले की त्यांना निराळाच अर्थ प्राप्त होतो : गंभीर आजारातून वा संकटातून तरून जाणे. 'द गर्ल वॉज व्हेरी इल, बट शी पुल्ड थ्रू', म्हणजे मुलगी फार आजारी होती, पण त्यातून वाचली.

'गो थ्रू' हा प्रयोग याच्या जवळचा, तरीही भिन्न आहे. 'शी वेंट थ्रू अ लॉट' या वाक्यात तिने पुष्कळ सोसले एवढेच कळते. शेवट काय झाला, ते कळत नाही. 'गो थ्रू' म्हणजे भोगणे, 'पुल थ्रू' म्हणजे तरणे.

या क्रियापदाचा दुसरा प्रयोग सकर्मक आहे. 'हर नेबर्स पुल्ड हर थ्रू', म्हणजे शेजाऱ्यांनी तिला तारले. येथे 'हर' हे सर्वनाम मध्येच बसते. 'पुल्ड थ्रू हर' असे म्हणणे चूक ठरते. मराठीत जो भेद 'तरणे' आणि 'तारणे' यांतील एका कान्याने होतो, तो इंग्रजीत कर्माच्या योजनेने होतो. 'तीर्थ' हा शब्दही याच धातूपासून आला असून, पाण्यातून पलीकडे जाण्याचा उतार हा त्याचा एक जुना अर्थ आहे.

'मेनी फॅमिलीज पुल्ड थ्रू द ड्रॉट ऑफ 1972.' महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे त्या दुष्काळातून तरली, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ती कशी तरली, हे त्यातून समजत नाही. माणसांनी भर उन्हात खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले. मुलांच्या हाती सुकडी पडली. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या सुमारे 50 लाखांवर गेली होती. म्हणून दुसरे वाक्यही लिहावयास हवे : 'रिलीफ वर्क्स पुल्ड देम थ्रू.' याच अनुभवाच्या बळावर राज्यात 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. पहिल्या वाक्यात कष्टकऱ्यांची जिद्द आहे, तर दुसऱ्यात समाजाचे कर्तव्य. यांपैकी एकच वाक्य शिकणाऱ्याचे इंग्रजी अपुरे राहते, आणि कृतज्ञताही.

याच क्रियापदाचा नकारार्थी प्रयोग रुग्णालयात हलक्या आवाजात केला जातो : 'ही डिडन्ट पुल थ्रू.' तो वाचू शकला नाही. या वाक्यात मृताला दोष नाही. जो तरला नाही, त्याचे धैर्य उणे होते असा अर्थ त्यातून काढणे, हा भाषेवर आणि माणसावर अन्याय होय.

विद्यार्थ्यांनी या क्रियापदाची वाक्ये जरूर रचावीत. मात्र कोणी संकटातून तरला असे लिहिताना, त्याला तारणारे हात कोणते होते, याचेही एक वाक्य पुढे जोडावे.