पुढे पाठविण्यापूर्वी



मोबाइलने आपल्याला काय दिले आणि काय हिरावून नेले, हे आपण सर्वजण जाणता. त्या चर्चेत मी वेळ दवडीत नाही. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे: ज्या वार्तेची खातरजमा आपण स्वतः केलेली नाही, ती दुसऱ्याकडे पाठविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून निर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. मुले पळविणाऱ्यांच्या अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवरून घरोघर पोहोचत होत्या. त्याच वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून मूल उचलून नेलेले दिसे. वस्तुतः ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली असून, मूल सुखरूप परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. ज्या हजारो हातांनी ती पुढे धाडली, त्यांत दुष्टांपेक्षा धास्तावलेल्या आईबापांचेच हात अधिक असतील, असे मला वाटते. आणि म्हणूनच हे बोलणे मी सज्जनांना उद्देशून करीत आहे.

पूर्वी नदीचे पाणी घरी आले की घरातील वडीलधारी बाई हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून ते गाळून घेई. पाणी शेजारणीने आणून दिलेले असले तरी गाळी. त्यात शेजारणीवर अविश्वास नसे, कारण शेजारणीनेही ते त्याच नदीवरून भरलेले असे. तद्वत् मामांनी किंवा जुन्या शिक्षकांनी पाठविला म्हणून संदेश खरा ठरत नाही. त्यांनाही तो कोणाकडून तरी आलेला असतो. फडक्याने पाणी अडत नसे, थोडा वेळ लागे, इतकेच. फडक्याने न अडणारे सूक्ष्म जंतू उरल्याची शंका आलीच, तर पाणी उकळावे लागे. तसे संशय फिटेना, तर पोलीस ठाण्यात विचारावे.

व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, आणि २०२० साली वारंवार फिरलेल्या, दुहेरी बाणाच्या संदेशासाठी ती एकावर आणली. परंतु तोच मजकूर उतरवून नव्याने पाठविणाऱ्याला ही मर्यादा अडवू शकत नाही. 

म्हणून खातरजमा आपणच करावी. संदेश आला की तीन गोष्टी पाहाव्या: हे प्रत्यक्ष कोणी पाहिले, कोठे, आणि केव्हा. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत तो आपल्यापाशीच राहू द्यावा. आपल्या कुटुंबाच्या गटात आज रात्रीपासून हा नियम लागू करा, आणि घरातील ज्येष्ठांनी तो प्रथम पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.