व्हिएतनाम : बाजार उघडला, कामगाराच्या पदरात काय पडले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गेटसभा संपली की एक प्रश्न हमखास येतो. "व्हिएतनामनेही बाजार खुला केला, लाल निशाण ठेवून भरभराट केली. मग सुधारणा म्हटले की आपणच का बिचकतो?" प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊ नये.

आधी कबूल करण्याचे कबूल करू. जुनी व्यवस्था मोडकळीस आली होती. १९८५ मध्ये चलन बदलले आणि १९८६ साली भाववाढ ७०० टक्क्यांवर गेली. पगार आणि रेशनची कुपने यांवर घर चालेना, म्हणून हनोईतले सरकारी नोकर राहत्या खोल्यांत डुकरे पाळत. त्या डिसेंबरात सहाव्या पक्ष काँग्रेसने 'दोई मोई', म्हणजे नूतनीकरण, स्वीकारले.

यश आधी आले ते शेतीत, कारखान्यात नव्हे. १९८१ पासूनच ठरलेला वाटा सहकारी संस्थेला देऊन वरचे पीक शेतकऱ्याला ठेवता येऊ लागले होते. १९८८ च्या ठरावाने कुटुंब हाच शेतीचा घटक मानला. जमीन आजही कायद्याने साऱ्या जनतेची आहे, कसणाऱ्याला दीर्घ मुदतीचा वापराचा हक्क मिळतो. १९८८ मध्ये उत्तरेत अन्नटंचाई होती, आणि १९८९ साली देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला! येथे एक गोष्ट विसरू नका. क्रांतीनंतर उत्तरेत जमीनदारी मोडली होती. बाजार खुला झाला तेव्हा शेतकऱ्याच्या हाती जमीन होती. आपल्याकडचा भूमिहीन मजूर त्या बाजारात काय घेऊन जाणार?

आता कारखान्यांकडे येऊ, कारण आपले दुखणे तिथे आहे. १९८९ मध्ये बहुतेक किमतींवरचे नियंत्रण उठले, अनुदाने आटली, आणि पाठोपाठ सोव्हिएत मदतही बंद झाली. सुमारे १२ हजार सरकारी उद्योग होते, काही वर्षांत त्यांचे निम्मे उरले. कित्येक विलीन झाले, कित्येक बंद पडले. सुमारे ८ लाख कामगार घरी गेले. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार, एवढीच शिदोरी. (आपल्या कायद्यात कपातीची भरपाई वर्षाला १५ दिवसांची आहे, हेही लक्षात असू द्या.) हे लोक गेले कुठे? फुटपाथवर सूपची गाडी, दारात शिलाई यंत्र, नाहीतर गावाकडची शेती. शेती तेव्हा वाढत होती म्हणून ती माणसे तगली. गिरणी बंद पडल्यावर परत जायला गावी तुकडाही नसेल, तर हा हिशेब जुळत नाही.

वाढ खोटी नाही. १९९३ मध्ये ५८ टक्के लोक गरीब होते, १९९८ पर्यंत ते प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. परदेशी भांडवलाचे बूट आणि कपड्यांचे कारखाने आले, लाखो मुलींना नोकऱ्या मिळाल्या.

पण त्यांच्या बाजूने बोलणार कोण? १९९४ च्या कामगार संहितेने संपाचा हक्क दिला, मात्र संप युनियननेच पुकारला पाहिजे अशी अट घातली. पुढे संप हजारोंनी झाले आणि जवळजवळ सगळे युनियनला वगळूनच. कारखान्यातला युनियनचा पदाधिकारी पुष्कळदा व्यवस्थापनातलाच, मग तो संप पुकारील कसा? २०१९ च्या संहितेने अधिकृत महासंघाबाहेरच्या संघटनांना जागा दिली. तरी त्या उभ्या राहायला लागणारे नियम वर्षानुवर्षे रखडले.

मार्च २०१५ ची एक हकिकत सांगतो. नोकरी सुटल्यावर सामाजिक विम्याची रक्कम एकदम काढता येणार नाही, असा कायदा झाला. हो चि मिन्ह शहरातल्या बूट कामगारांनी काम थांबवले, हजारो रस्त्यावर आले. जूनमध्ये संसदेला मुभा परत द्यावी लागली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, बेंगळुरूच्या कपडे कारखान्यांतल्या बायका भविष्यनिर्वाह निधी काढण्यावरच्या बंधनाविरुद्ध अशाच बाहेर पडल्या आणि सरकारने अधिसूचना मागे घेतली. तिथेही हाक युनियनने दिली नव्हती. त्या दिवशी आपण कुठे होतो, यावर दुपारच्या सत्रात बोलू.