गणवेशातला साक्षीदार



१९६८ साली अमेरिकेत एक डॉलर किमतीचे, कागदी बांधणीचे एक पुस्तक निघाले. नाव होते ‘आय प्रोटेस्ट!’. व्हिएतनाममधल्या खे सान इथे वेढ्यात सापडलेल्या अमेरिकन मरीन सैनिकांची छायाचित्रे त्यात होती आणि ज्या धोरणाने त्यांना तिथे बसवून ठेवले होते त्यावर उघड टीका होती. युद्धाला विरोध करणाऱ्या छापील मजकुराचा त्या वर्षी अमेरिकेत तुटवडा नव्हता. परंतु हा निषेध करणारा माणूस विद्यापीठाच्या पटांगणात घोषणा देणाऱ्यांपैकी नव्हता. तो स्वतः मरीन दलाचा माजी अधिकारी होता, दुसऱ्या महायुद्धात पदके मिळवलेला होता, आणि पुस्तकातही तो आपली ती ओळख लपवत नाही, उलट पुढे करतो. डेव्हिड डग्लस डंकन हे त्याचे नाव. आज मी त्याच्या कामाविषयी बोलणार आहे, पण चरित्र सांगणे हा हेतू नाही. मला एक मुद्दा मांडायचा आहे आणि त्याच्यावरचे आक्षेपही तपासायचे आहेत. मुद्दा असा: युद्धाचा विश्वासार्ह साक्षीदार त्रयस्थच असावा लागतो, ही आपली समजूत अपुरी आहे. सैन्यातला, सैनिकांचा पक्ष घेतलेला छायाचित्रकार काही गोष्टी त्रयस्थापेक्षा अधिक खऱ्या सांगू शकतो. मात्र त्याची निष्ठा नेमकी कोणाशी आहे, हे आपल्याला ठाऊक हवे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. पानिपताची हकिकत आपण बखरींतून वाचत आलो. बखरकार पक्षपाती असतो, ऐकीव गोष्टी लिहितो, आकडे फुगवतो, हे इतिहासकार राजवाड्यांनी कठोरपणे दाखवून दिले. तरीही आपण बखरी फेकून दिल्या नाहीत. लिहिणारा कोणाच्या पदरी आहे हे ओळखून त्या वाचायला शिकलो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हा सावधपणा सुटतो, कारण कॅमेरा खोटे बोलत नाही असे आपण मनोमन धरून चालतो. कॅमेऱ्याचे खोटे आपल्याच भूमीवर किती लवकर सुरू झाले पाहा. फेलीचे बेआतो १८५८ साली लखनौला पोहोचला, तेव्हा सिकंदरबागेतली लढाई होऊन काही महिने लोटले होते. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात अंगणभर पसरलेली हाडे चित्रासाठी मुद्दाम मांडली होती, असे मानले जाते. बेआतो सैनिक नव्हता, धंदेवाईक छायाचित्रकार होता. त्रयस्थपणाने त्याला काही जास्त खरे केले नाही.

डंकनचा जन्म २३ जानेवारी १९१६ चा, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीतला. त्याने आधी पुरातत्त्व शिकायला घेतले, मग प्राणिशास्त्र आणि स्पॅनिश. १९४३ मध्ये तो मरीन दलात अधिकारी झाला आणि दक्षिण प्रशांत महासागरात युद्धछायाचित्रकार म्हणून गेला. या काळातले त्याचे काम माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाते, म्हणून ते आधी सांगतो. १९४५ मध्ये ओकिनावावर त्याने एका पी-३८ विमानाच्या पंखाखाली लावलेल्या, पारदर्शक नाकाच्या टाकीत पालथे पडून हल्ल्याची छायाचित्रे घेतली. माणूस कसाबसा मावेल एवढी ती जागा. साहस म्हणून हे अजोड आहे, साक्ष म्हणून दुबळे. विमाने दिसतात, खालची जमीन दिसते. त्या जमिनीवर कोण होते ते दिसत नाही. २ सप्टेंबर १९४५ ला ‘मिझुरी’ युद्धनौकेवर जपानने शरणागती लिहून दिली, तिथेही तो हजर होता. ही सगळी जिंकणाऱ्या सैन्याची अधिकृत चित्रे आहेत. आणि त्या युद्धात अधिकृतपणाचा अर्थ काय होता? स्वतःच्या मृत सैनिकांची छायाचित्रे अमेरिकेने सप्टेंबर १९४३ पर्यंत आपल्या नागरिकांना दाखवू दिली नव्हती. तेव्हा ‘गणवेश घातला की छायाचित्रकार प्रचारक होतो’ हा पहिला आक्षेप बिनबुडाचा नाही. डंकनच्या कारकिर्दीचा पहिला भाग त्याला पुरावाच पुरवतो.

पण कारकीर्द तिथे थांबत नाही. युद्धानंतर तो ‘लाइफ’ साप्ताहिकात गेला, आणि जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा शेजारी जपानमध्येच होता. तिथे जुन मिकी या जपानी सहकाऱ्यामुळे त्याला निक्कोर भिंगांचा शोध लागला. भिंगे इतकी तीक्ष्ण निघाली की आपल्या लायका कॅमेऱ्यांना तीच लावून तो कोरियाला गेला, आणि पुढे निकॉनचे नाव पाश्चात्त्य देशांत झाले त्याला या प्रसंगाचा मोठा हातभार लागला. ही भिंगे बनवणारी निप्पोन कोगाकु कंपनीच पाच वर्षांपूर्वी जपानी सैन्यासाठी दुर्बिणी आणि नेमसाधने बनवत होती. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

कोरियातली त्याची दोन छायाचित्रे इथे सविस्तर पाहायला हवीत. पहिले कॅप्टन आइक फेंटनचे. १९५० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, नाकतोंग नदीजवळच्या टेकडीवर, पावसात. त्याच्या कंपनीतली माणसे पडली आहेत आणि दारूगोळा संपत आल्याची खबर नुकतीच आली आहे. चित्रात शत्रू नाही, बंदूक नाही, स्फोट नाही. फक्त भिजलेला, दाढी वाढलेला चेहरा आणि कुठेच न पाहणारे डोळे. दुसरे चित्र कॉर्पोरल लेनर्ड हेवर्थचे. तो गोळीबाराच्या रांगेतून हातबाँब न्यायला मागे आला, आणि ते उरलेच नाहीत असे त्याला सांगण्यात आले. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. आता यात दिसते काय? वरवर पाहणारा म्हणेल, युद्धाचे दुःख. मला वाटते इथे त्याहून नेमके काही आहे. दोन्ही चेहऱ्यांवर पुरवठ्याचे अपयश उमटले आहे. या माणसांना टेकडीवर पाठवणारी एक व्यवस्था होती आणि ती त्यांना दारूगोळा पोचवू शकली नाही. दारूगोळा नसणे म्हणजे कंपनीच्या प्रमुखासाठी काय, हे कळायला सैन्य आतून माहीत असावे लागते. ज्याला ते माहीत नाही तो याच क्षणी कॅमेरा धडाडणाऱ्या तोफेकडे वळवील. डंकन तोफेकडे पाठ करून चेहऱ्याकडे वळला. नेमके कुठे पाहायचे ही जाण त्याला गणवेशातूनच आली होती.

रडणारा मरीन छापणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. भरतीच्या जाहिरातींतला मरीन रडत नाही. हेच चित्र एखाद्या बाहेरच्याने काढले असते, तर सैन्याची बदनामी म्हणून ते झटकून टाकणे सोपे गेले असते. डंकनवर तो आरोप चिकटत नव्हता. कोरियाच्या पहिल्या महिन्यांत औपचारिक सेन्सॉरशिप नव्हती, ती डिसेंबर १९५० मध्ये आली, हेही त्याच्या पथ्यावर पडले. आतला असण्याचा हा दुहेरी लाभ होता: काय पाहायचे ते कळते, आणि पाहिलेले सहजासहजी नाकारता येत नाही.

१९५१ मध्ये ही छायाचित्रे ‘धिस इज वॉर!’ या पुस्तकात आली. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. टेकडी, शहर आणि माघार असे तीन भाग. प्रत्येक भागाआधी मजकूर, आणि मग पानामागून पान छायाचित्रे, खाली एकही ओळ नाही. वृत्तपत्राच्या वाचकाला आधी ओळ वाचून मग चित्रावरून नजर फिरवायची सवय असते. डंकनने ती सोय काढून घेतली. माघारीच्या भागात चोसिन जलाशयाकडून परतणारे सैनिक आहेत, शून्याखाली तीस अंशांच्या आसपास उतरलेल्या थंडीत. तिथे गोठलेल्या डब्यातला घास चमच्याने सोडवणाऱ्या एका मरीनला डंकनने विचारले, की मी देव असतो तर तू काय मागितले असतेस. आणि त्याने उद्याचा दिवस मागितला. हा संवाद अतोनात गाजला. माझ्या मते तो प्रश्न नाटकी होता, आणि त्या उत्तराने चित्रावर सावली पाडली. तो चेहरा पाहणाऱ्याला उत्तराची गरज नाही.

इथून दुसरा, अधिक कडक आक्षेप सुरू होतो: हा दुसऱ्याच्या यातनेचा वापर नव्हे काय? हेवर्थने साप्ताहिकात छापलेले आपले छायाचित्र पाहिले आणि त्यानंतर लगेचच, सोलच्या लढाईत, तो मारला गेला. चित्र राहिले, माणूस गेला. शिवाय ही चित्रे देखणी आहेत. छायाप्रकाशाची जाण पक्की आहे. फेंटनचा चेहरा एखाद्या शिल्पासारखा वाटतो. यातना देखणी झाली की पाहणारा हळहळून सुखावतो, असे म्हणणाऱ्यांना मी खोडून काढणार नाही. एवढेच म्हणेन, की देखणेपणामुळे चित्रातली माहिती पुसली गेली की नाही, ही त्याची कसोटी आहे. फेंटनच्या चित्रात ती पुसलेली नाही. दारूगोळा संपत आला होता ही वस्तुस्थिती त्या देखणेपणातूनच आजवर टिकून आहे. कोरड्या अहवालात ती कुठल्याशा परिशिष्टात पडून राहिली असती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय इथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना मारले, तेव्हा लष्कराचा छायाचित्रकार सार्जंट रोनाल्ड हेबर्ली तिथे होता. त्याच्याजवळ लष्कराचा कृष्णधवल कॅमेरा होता आणि स्वतःचा रंगीत रोल भरलेला कॅमेराही. लष्कराच्या रोलवर कत्तल नव्हती. ती स्वतःच्या रोलवर होती, आणि ती चित्रे जगासमोर आली नोव्हेंबर १९६९ मध्ये, दीड वर्षाहून अधिक काळाने. आतल्या साक्षीदाराचे हेच होते, असे कोणी म्हणेल. पण हेच उदाहरण माझा मुद्दा अधिक काटेकोर करते. एकाच माणसाच्या खांद्यावर दोन कॅमेरे होते, एक संस्थेचा आणि एक स्वतःचा. पुरावा आतल्यानेच दिला. बाहेरचा कोणी तिथे नव्हताच. उशीर झाला तो संस्थेशी असलेल्या निष्ठेमुळे किंवा भीतीमुळे. म्हणजे गणवेश साक्ष शक्यही करतो आणि रोखूनही धरतो. काय घडेल ते ठरते, निष्ठा वरच्या हुकुमाशी आहे की शेजारच्या माणसाशी यावर.

डंकनच्या बाबतीत निष्ठेचे हे वळण कोरियात सुरू झाले आणि व्हिएतनाममध्ये पुरे झाले. १९६७ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो कॉन थिएनच्या तोफमाऱ्यात राहिला. पुढच्या वर्षी खे सानला. लाओसच्या सीमेजवळच्या त्या पठारावर सुमारे ६,००० मरीन ७७ दिवस वेढ्यात होते. जिवापाड राखलेला तो तळ पुढे जुलैमध्ये सैन्याने स्वतःच मोडून टाकला. डंकनच्या पुस्तकामुळे असे घडले, हे म्हणायला काहीही आधार नाही आणि मी ते म्हणत नाही. पण त्याच्या निषेधाचा रोख पाहा. साम्यवाद्यांशी लढू नये असे त्याचे म्हणणे नव्हते. सैनिकांच्या जिवाचा असा हिशेब करणाऱ्यांवर तो चिडला होता. शांततावाद्याला ही भूमिका तोकडी वाटेल, आणि ती तोकडी आहेच. तरी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना शांततावाद्याच्या भूमिकेपेक्षा हिला उत्तर देणे अवघड होते, कारण ती त्यांच्याच भाषेत मांडलेली होती. १९७० च्या ‘वॉर विदाउट हिरोज’मध्ये हेच काम त्याने मोठ्या आकारात पुन्हा मांडले.

जवळीक पुरेशी असते, असेही मी सुचवत नाही. डंकनला बहुतेक लोक ओळखतात ते पिकासोच्या छायाचित्रांमुळे. १९५६ मध्ये पहिल्या भेटीत पिकासो न्हाणीच्या टबात बसला होता आणि डंकनने तिथेच छायाचित्रे घेतली. पुढे त्या घरात तो वर्षानुवर्षे वावरला, पुस्तकांवर पुस्तके केली. ती आनंदी आहेत, लोभस आहेत, आणि त्यांत भक्ती एवढी आहे की चिकित्सेला जागाच नाही. तीच पद्धत, तीच जवळीक, पण साक्ष नाही. का? कारण तिथे पिकासोच्या डोक्यावर कोणी नव्हते. मरीन सैनिकांवर प्रेम करायचे तर त्यांना टेकडीवर पाठवणाऱ्यांना जाब विचारणे भागच होते. त्या प्रेमाला एक प्रतिपक्ष होता, आणि तो घराच्या आत होता.

या साक्षीची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. डंकनच्या कोरियात कोरियन माणसे आहेत. शहराच्या भागात पळणारी कुटुंबे दिसतात. पण ती कडेला आहेत. त्यांचा चेहरा फेंटनच्या चेहऱ्याइतका वेळ पानावर थांबत नाही. व्हिएतनाममध्ये हे अधिकच ठळक होते. वेढा घालणारा उत्तर व्हिएतनामी सैनिक त्याच्या चित्रांत माणूस म्हणून जवळजवळ नाहीच. फिलिप जोन्स ग्रिफिथ्स या वेल्श छायाचित्रकाराने १९७१ मध्ये ‘व्हिएतनाम इंक.’ काढले आणि त्यात व्हिएतनामी गाव मध्यभागी आणले. तो सैनिक नव्हता, आणि अमेरिकन छावणीतून न दिसणारे त्याला दिसले. ज्याला हे युद्ध समजून घ्यायचे आहे त्याला या दोघांचीही पुस्तके वाचावी लागतील. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने डंकनचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. १९९६ मध्ये त्याचा संग्रह ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या हॅरी रॅन्सम सेंटरकडे गेला. ७ जून २०१८ रोजी, १०२ व्या वर्षी, फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले. माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा त्या संग्रहात व्हायची आहे. पुस्तकात आली ती चित्रे त्याने निवडलेली. पण प्रत्येक निवडीमागे न निवडलेल्या चौकटी असतात. फेंटनच्या आधी आणि नंतर त्याने काय टिपले, कोणता कोरियन चेहरा पानावर यायचा राहिला, कोणता मृतदेह सैनिकांच्या घरच्यांसाठी वगळला आणि कोणता मरीन दलाच्या नावासाठी, हे पुस्तकांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी निगेटिव्हच उजेडात धरून पाहायला हव्यात. हे काम कोण्या अभ्यासकाने केले आणि निकाल माझ्या विरोधात गेला, तर वरच्या मांडणीतला निष्ठेचा भाग बदलावा लागेल. दारूगोळ्याचा भाग मात्र तसाच राहील.