घरांत आलेली कचेरी

अकोल्याच्या जठारपेठेंत किंवा अमरावतीच्या रुक्मिणीनगरांत दुपारीं तीनच्या सुमारास एखाद्या घरीं जावें, तर बाहेरच्या खोलींत आजी नातवाला थोपटीत असते आणि आंतल्या खोलीचें दार लोटून त्या मुलाची आई पुण्याच्या एखाद्या कंपनीचें काम करीत बसलेली असते. २०२० पूर्वीं हें दृश्य या गांवांत क्वचितच दिसे. वऱ्हाडांतील मुलीनें इंजिनियर व्हावयाचें, नोकरीसाठीं पुण्यास किंवा बंगळुरास जावयाचें, आणि मूल झालें म्हणजे एक तर नोकरी सोडावयाची, नाहीं तर मूल माहेरीं ठेवावयाचें, असा जणूं ठरलेलाच क्रम होता.

हा क्रम मोडला तो रोगाच्या सांथीनें. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, हिंजवडीच्या कचेऱ्या ओस पडल्या, आणि वऱ्हाडची तरुण मंडळी लॅपटॉप काखेस मारून आपापल्या गांवीं परतली. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें महाराष्ट्रांत रोगानें पुन्हां उचल खाल्ली, तेव्हां अमरावती आणि अकोला हे जिल्हे आघाडीवर होते. त्या महिन्याच्या २२ तारखेस अमरावतीस पुन्हां कुलूप लागलें. या कोंडमाऱ्यांत एवढें मात्र सिद्ध झालें कीं, जें काम कचेरींतल्या खुर्चीवांचून होणें नाहीं असें वरिष्ठ सांगत, तें कूलरच्या घरघरींतहि होतें. मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दुपारीं कूलर बंद करून सभेंत बोलणें म्हणजे काय, हें तेथील माणसांनाच विचारावें.

तसें पाहिलें तर काम व मूल एकाच ठिकाणीं असणें वऱ्हाडास नवीन नाहीं. कापूस वेचावयास गेलेली बाई धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधते आणि तींत मूल निजविते. तिच्या हालांचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. परंतु मूल रडलें म्हणजे हातांतली ओळ सोडून झोका देण्यास तिला कोणाच्या सभेची आडकाठी नसते. मुंबईस गिरगांवांत १९५९ सालीं सात बायकांनीं ऐशीं रुपये उसने घेऊन पापडांचा जो गृहोद्योग काढला, त्याचेंहि बळ यांतच आहे. भिजविलेलें पीठ घरीं न्यावयाचें व लाटलेले पापड आणून द्यावयाचे, ही त्याची रीत. पापड किती झाले हें तेथें मोजलें जातें. ते मूल निजल्यावर लाटले कीं पहाटे लाटले, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

लॅपटॉपवरच्या नोकरीची गोष्ट येथेंच निराळी होते. कचेरीची जागा घरांत आली, पण घड्याळ कंपनीकडेच राहिलें. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हां अमरावतीस उन्हाळ्यांत संध्याकाळचे साडेसहा व हिवाळ्यांत साडेसात झालेले असतात. ज्यांचें गिऱ्हाईक अमेरिकेंत, त्यांच्या सभा याच वेळीं भरतात. आणि लहान मुलाला वरणभात भरविण्याची व गोष्ट सांगून निजविण्याची वेळहि नेमकी हीच. दुपारीं दोन तास मोकळे मिळाले तर त्यांचा उपयोग काय? मूल तेव्हां झोपलेलेंच असतें.

दुसरी अडचण घरांतलीच आहे. "घरीच तं हाये ते," असें सासूबाई शेजारणीला सहज सांगतात. ('ते' म्हणजे सूनबाई, हें वऱ्हाडी श्रोत्यांना सांगावयास नको.) ती घरीं आहे, म्हणून गॅसचें सिलिंडर तिनें घ्यावें, पाहुण्यांचा चहा तिनें करावा, मुलाला ताप आला तर दवाखान्यांतहि तिनेंच न्यावें. शेजारच्या खोलींत पतिराज त्याच तऱ्हेच्या कंपनीचें त्याच तऱ्हेचें काम करीत असतात. परंतु त्यांच्या दारावर सिलिंडरवाल्यासाठीं कोणी थाप मारीत नाहीं. सरकारनें २०२४ सालीं देशभर केलेल्या वेळेच्या पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटें जातात आणि पुरुषांचीं ८८, असें आढळलें. हा आंकडा अनेक घरांत वडीलमंडळींना वाचून दाखविण्याजोगा आहे. पतिराजांना तर आधीं.

कायद्याचा आधार कितपत, हेंहि पाहिलें पाहिजे. प्रसूति-लाभाच्या कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि रजेनंतर कामाचें स्वरूप तसें असल्यास आईला घरून काम करूं देतां येईल, अशी तरतूद झाली. 'देतां येईल' हे शब्द लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. मुदत आणि अटी दोघांच्या संमतीनें ठरावयाच्या. म्हणजे कंपनीचें मन नसेल तर बोलणेंच खुंटलें. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें हीच तरतूद पुढें चालविली. दोहोंतहि बापासाठीं घरून काम करण्याविषयीं अक्षर नाहीं. मूल सांभाळणें हें आईचेंच काम, असें गृहीत धरूनच कायदा लिहिलेला दिसतो.

सांथ ओसरल्यावर पुष्कळ कंपन्यांनीं माणसें परत बोलावलीं. कोणी आठवड्याचे दोन दिवस, कोणी तीन दिवस कचेरींत यावें असें ठरविलें, आणि ही मधली वाट फार सोयीची म्हणून वाखाणली गेली. बाणेर-बालेवाडीस राहणाऱ्या आईला ती खरोखरच सोयीची आहे. पण अमरावतीहून पुणें सडकेनें सहाशें किलोमीटरांच्या घरांत. तेथील आईला तीन दिवस काय आणि सहा दिवस काय, बिऱ्हाड पुण्यासच करावें लागतें. पाळणाघर शोधावें लागतें, आणि आजीचा हात सुटतो तो सुटतोच. कांहीं घरांनीं उलट तोड काढली आहे. मूल आजी-आजोबांपाशीं अमरावतीसच राहतें, आणि रविवारीं रात्रीं जेवणें आटोपून आई पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्यें बसते. मूल निजल्यावरच निघावयाचें, असा त्या घरांचा शिरस्ता आहे.