वाफेवरचा स्वयंपाक

उकळतं पाणी आणि त्याची वाफ, दोन्ही १०० अंश सेल्सिअसला. तरी वाफेचा चटका जास्त बसतो, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना तिच्यात सुमारे ५४० कॅलरी उष्णता साठते. गार पदार्थाला टेकताच वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ही उष्णता पदार्थाला मिळते. मोदकाची पारी पाण्यात न बुडता शिजते ती यामुळेच.

माझ्या मते या पद्धतीचं खरं वैभव म्हणजे कोकण-गोव्यातल्या पातोळ्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ सारवायचं, त्यावर गूळ-खोबऱ्याचं चून पसरायचं, पान मधोमध दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. वाफ पानाचा सुगंध पिठात उतरवते. त्या नागपंचमीला होतात; गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं १५ ऑगस्टला, मारियेच्या सणाला करतात. फणसाचा रस आणि तांदळाचा रवा असेल तर सांदणं करा. कोथिंबीर वडी, अळूवडीही आधी वाफेवरच.

पाणी खळखळून उकळलं की मगच पदार्थ आत ठेवा. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वरून थेंब पडून पदार्थ चिकट होतो. कुकर असेल तर शिट्टी काढून ठेवा. भाज्याही अशाच शिजवा. पाण्यात उकळल्यावर निघून जाणारं क जीवनसत्त्व वाफेवर बरंच टिकतं. अळूवडीच्या गुंडाळीत सुरी घालून पाहा, पीठ चिकटलं नाही तर उतरवा. काप मात्र ती पूर्ण गार झाल्यावरच करा.