मनोरुग्णाचे औषध व रक्ततपासणी



माझ्या पुतण्यास स्किझोफ्रेनिया आहे. अन्य औषधांनी गुण न आल्याने डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केले. औषध प्रभावी खरे. परंतु क्वचित ते संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटविते. १९७५ साली फिनलंडमध्ये यामुळे काही रुग्ण दगावले. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेने नियमित रक्ततपासणीच्या अटीवर त्यास मान्यता दिली. पहिल्या १८ आठवड्यांत धोका अधिक, म्हणून तेव्हा दर आठवड्यास तपासणी.

लोकलज्जेस्तव आम्ही सिन्नर सोडून नाशिकला तपासणीस जात असू. दिवाळीच्या गिऱ्हाइकीत एक खेप चुकली आणि त्याच आठवड्यात त्यास ताप आला, घसा दुखू लागला. अहवाल येईपर्यंतची ती रात्र आजही आठवते. सुदैवाने पेशी पुरेशा होत्या. तेव्हापासून आम्ही लपविणे सोडले. तपासणी गावातच होते.

ताप वा घसादुखी होताच त्याच दिवशी पेशींची मोजणी करावी. पर्युषणाच्या उपवासातही औषध परस्पर थांबवू नये. दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास डॉक्टरांना विचारूनच पुन्हा अल्प मात्रेने आरंभ करावा.

रोजमेळ न चुकविणाऱ्या आपणां व्यापाऱ्यांस एवढी नोंद ठेवणे जड नाही.